सुईनं उघडले नाहीत ते पंख

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. टिपेश्वरच्या जंगलाला लागून तुमचं वावर. मिरगाच्या तोंडावर एक जोराचा पाऊस पडून गेला आणि त्या सांजेला कोठ्याजवळच्या फरशीखालून बोटाएवढा काळा किडा निघाला, अंगावर पांढरे ठिपके. पोरानं काडीनं डिवचला तर त्यानं मागून काहीतरी उडवलं आणि पोराच्या गालाची आग झाली. तरी पोरगं हटलं नाही. किडा डब्यात कोंडला आणि पंख उघडून पाहायला सुई लावली, तर पंख उघडेचनात. शेजारी म्हणतात की हा पऱ्हाटीची म्हणजे कपाशीची मुळं खातो, धुऱ्यावर म्हणजे वावराच्या बांधावर दाणेदार औषध टाकून द्या. तुम्हाला जाणून घ्यायचंय की हा कोण, विषारी आहे का, उडून घरात येतो का आणि पिकाचं काही बिघडवतो का.

सगळ्यात आधी गाल. त्यानं उडवलं ते आम्ल होतं, त्यात मुख्य घटक फॉर्मिक आम्ल. आंब्याच्या झाडावरच्या लाल मुंग्या चावल्यावर जे झोंबतं, तेच. कातडीवर पडलं तर साध्या पाण्यानं भरपूर धुवायचं, बस. चुना, टूथपेस्ट, हळद, सोडा काही लावायचं नाही, त्यानं कातडी जास्त चिडते. एखाद-दोन दिवस लालसर डाग राहील, मग जाईल. डोळ्यात गेलं तर मात्र गोष्ट वेगळी. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार निदान १५ मिनिटं सोडायची, आणि नंतरही दुखत असेल किंवा धूसर दिसत असेल तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं. गालावरच निभावलं हे पोराचं नशीब. माझ्या चष्म्याच्या काचेवर एकदा असा फवारा बसलाय. चष्मा नसता तर ही गोष्ट इतक्या मजेत सांगता आली नसती.

आणि त्या डब्याच्या झाकणाला आत्ताच भोकं पाडा. हे किडे बंद डब्यात घाबरून आम्ल सोडतात, ती वाफ आतच कोंडते. सुरुवातीच्या काळात मी एक चांगला नमुना घट्ट झाकणाच्या डबीत घालून एसटीनं नेला होता. उतरून पाहतो तो मेलेला, आणि डबी उघडल्याबरोबर नाकाला झिणझिण्या.

आता ओळख. तुमच्या फोटोत सहा ठिपके स्पष्ट दिसतात: दोन मानेच्या ढालीवर दोन्ही बाजूंना, चार पाठीवर. लांबी चारेक सेंटिमीटर. हा ग्राउंड बीटल म्हणजे भुईवर फिरणाऱ्या शिकारी भुंगेऱ्यांच्या कुळातला आहे. त्या कुळाचं शास्त्रीय नाव कॅराबिडी, जगभरात सुमारे ४० हजार जाती. यातला तुमचा हा अँथिया सेक्सगुटाटा. लॅटिनमध्ये सेक्स म्हणजे सहा आणि गुटाटा म्हणजे ठिपक्यांचा, बाकी काही नाही. शाळेत सांगताना पोरं हसतात म्हणून आधीच सांगून ठेवतो. हे नाव फाब्रिसियस नावाच्या डॅनिश कीटकशास्त्रज्ञानं १७७५ साली दिलं. आपल्याकडे गावात याला वेगळं असं नाव मला कुठे ऐकू आलं नाही. ‘तो काळा’, ‘ठिपक्यावाला’, नाहीतर सरळ ‘इचवासारखा हाय, हात नोको लावू’, एवढंच.

या किड्याच्या नावाखाली माझ्याकडे दुसरेच तीन-चार किडे आणून दाखवतात. कोठीत, लाकडांखाली एक निव्वळ काळा, संथ, ठिपके नसलेला किडा सापडतो, तो डार्कलिंग बीटल. त्याच्या मागच्या पायाच्या पावलाला चार पेरं असतात. आपल्या भुंगेऱ्याच्या सहाही पावलांना पाच-पाच. भिंग असेल तर पोराला मोजायला लावा, एवढी एक खूण पुरते. मूग-चवळीच्या फुलांवर बसणारे लाल-काळे पट्ट्यांचे सोसे, ज्यांना हिंगेही म्हणतात, ते वेगळे. त्यांच्या अंगरसानं फोड येतात, पण ते चांगले उडतात आणि फुलं खातात. विहिरीजवळच्या ओल्या दगडाखाली पिवळा-काळा, बारकासा किडा ‘फट्’ आवाज करून धूर सोडतो तो बॉम्बार्डियर. कूळ हेच, पण हत्यार दुसरं. त्याच्या पोटात दोन खोल्या असतात. एकीतलं हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड दुसरीत गेलं की विकरांमुळे भडका उडतो आणि जवळपास १०० अंश सेल्सिअसचा फवारा बाहेर येतो. बोटावर तपकिरी डाग पडतो, तो साबणानं जात नाही. तुमच्या पाहुण्याचा फवारा थंड असतो.

आता सुईकडे येऊ, कारण तुमच्या पोरानं नकळत सगळ्यात महत्त्वाच्या जागी बोट ठेवलंय.

भुंगेऱ्यांना पंखांच्या दोन जोड्या. वरची जोडी कडक, ढालीसारखी. खालची पातळ, घडी घालून ठेवलेली, आणि उडायचं काम तिचं. हुमणीचा, म्हणजे पिकाची मुळं खाणाऱ्या अळीचा, भुंगेरा पहिल्या पावसानंतर कडुनिंबा-बाभळीवर घोंगावत येतो तेव्हा तो वरच्या ढाली बाजूला उचलतो, खालची घडी मोडतो आणि उडतो. ढाली उघडणार म्हटल्यावर मधोमध त्यांची फक्त कड कडेला भिडलेली असते. अँथियाच्या पाठीवरही मधोमध ती रेघ दिसते. पोरानं त्याच रेघेत सुई घातली असणार. पण इथं दोन्ही ढाली त्या रेघेवर एकमेकींना जोडल्या गेल्यात. रेघ उरलीय ती नुसती खूण, जशी जुन्या घराच्या बुजवलेल्या दाराची चौकट भिंतीत दिसत राहते. जोर लावला असता तर ढाल फुटली असती, उघडली नसती.

तुम्ही म्हणाल, मग आत काय आहे? वाटेत तुडवला गेलेला एक नमुना मी कोमट पाण्यात रात्रभर मऊ करून बाजूच्या कडेनं कापून पाहिला होता. आत उडायच्या पंखांच्या जागी दोन लहान चिंध्या होत्या, बाकी काही नाही. आणखी एक गोष्ट दिसली, ती न कापताही पाहता येते. उडणाऱ्या भुंगेऱ्याचे खांदे चौकोनी असतात, कारण खाली पंखांचं बूड आणि ते हलवणारे स्नायू मावायचे असतात. याचे खांदे उतरते, गोल. छातीचा मागचा भाग आखूड. म्हणून वरून पाहिलं की याला कंबर असल्यासारखी दिसते आणि मागचा भाग लांबट घड्यासारखा. एखाद्या अनोळखी भुईभुंगेऱ्याला पंख आहेत की नाहीत, याचा अंदाज मी खांद्यांवरून बांधतो. दहातल्या आठ-नऊ वेळा बरोबर येतो.

ढाली जोडल्या गेल्यानं खाली एक बंद पोकळी तयार होते. किडा श्वास घेतो तो पोटाच्या बाजूंच्या बारीक छिद्रांनी, आणि ती छिद्रं या पोकळीत उघडतात. त्यामुळे श्वासाबरोबरची ओल थेट उन्हाळ्याच्या हवेत निघून जात नाही. वाळवंटातल्या डार्कलिंग भुंगेऱ्यांवर याचा बराच अभ्यास झालाय. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या बाजूला मे महिन्यात पारा ४६-४७ वर जातो, तेव्हा ही अंगची झाकलेली हंडी काय कामाची आहे ते वेगळं सांगायला नको. दिवसभर किडा दगडाखाली, पाचोळ्यात, काळ्या मातीच्या भेगेत बसून असतो. तरी जमीन तापतेच.

पण पंख गेले कसे, हा प्रश्न माणसाला पडतोच. डार्विननं १८५९ साली अटलांटिक समुद्रातल्या मडेरा बेटाचं उदाहरण दिलं होतं. तिथल्या ५५० भुंगेऱ्यांच्या जातींपैकी २०० जातींना उडता येत नाही, ही मोजणी कीटकशास्त्रज्ञ वोलॅस्टन यांची. डार्विनचं म्हणणं असं की जे उडाले ते वाऱ्यानं समुद्रात गेले, जे बसून राहिले त्यांची पोरंबाळं झाली. सुंदर कल्पना आहे. पण टिपेश्वरला कुठला समुद्र? अमेरिकेतल्या डार्लिंग्टन यांनी १९४३ साली दाखवलं की बेटांवरच नाही, मुख्य भूमीवरच्या डोंगरांतही भुईभुंगेऱ्यांचे पंख असेच जातात. मला त्यांचं म्हणणं जास्त पटतं, कारण ते आपल्याकडेही लागू होतं. पंख ही महागडी वस्तू आहे. ते आणि त्यांचे स्नायू पोसायला खाणं लागतं. जिथं नदीचा काठ दरवर्षी वाहून जातो, डबकं आटतं, तिथं उडून दुसरीकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही, म्हणून तिथले भुंगेरे पंख राखतात. जिथं घर पिढ्यान्‌पिढ्या जागच्या जागी आहे, तिथं तेच खाणं अंड्यांत घातलेलं बरं. आपल्या गावात ज्याची सगळी शेती घराला लागून, तो मोटारसायकल घेऊन करणार काय?

याला जोडून एक गोष्ट सांगतो, मला ती फार आवडते. स्वीडनच्या लिंडरोथ यांनी १९४०च्या दशकात उत्तर युरोपातले भुईभुंगेरे तपासले. तिथं काही जाती अशा आहेत की एकाच जातीत कोणी पंखांचा, कोणी आखूड पंखांचा. त्यांना आढळलं की बर्फ वितळल्यावर नव्यानं जिथं वस्ती झाली तिथं पंखवाले जास्त, आणि जुन्या वस्तीत आखूड पंखवाले जास्त. म्हणजे किड्याच्या पाठीखाली पाहून ती वस्ती किती जुनी ते कळतं! आपल्या अँथियाचं तसं नाही, तो सगळाच्या सगळा बिनपंखी. पण तो जिथं आहे तिथं चालतच पोचलाय, एवढं नक्की. हे लक्षात ठेवा, पुढे धुऱ्याबद्दल बोलताना लागेल.

उडता येत नाही म्हटल्यावर सगळी मदार पायांवर. पाय लांब, अंग जमिनीपासून उचललेलं, आणि धावणं असं की टॉर्चच्या उजेडात आधी उंदराचं पिल्लूच वाटावं. मागच्या पायांच्या मांडीच्या बुडाशी वालाच्या दाण्यासारखा एक उंचवटा असतो, तो या कुळाची खूणच. पाचोळ्याच्या दोन थरांमध्ये डोकं खुपसून मागून रेटा द्यायला हे मागचे पाय कामाला येतात. शिरतो तो पाचरीसारखा.

डोक्यावर दोन दोऱ्यासारख्या मिशा, प्रत्येकीची ११ पेरं. रात्री फिरणाऱ्या या किड्याचा वास घेणं, चाचपणं सगळं मिशांवर. पोराला एक पाहायला सांगा, पण काचेच्या बाटलीतून. किडा शांत झाला की पुढचा एक पाय वर उचलून डोक्याकडे नेतो. पुढच्या पायाच्या नळीला आतून एक खाच असते, खाचेत बारीक केसांची रांग. मिशी तो बुडापासून त्या खाचेत अडकवतो आणि शेंड्यापर्यंत हळूच ओढून काढतो, जशी बाई केसांतून फणी काढते. मग दुसरी मिशी, दुसऱ्या पायानं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी हातातला चहा विसरून गेलो होतो.

पांढरे ठिपके म्हणजे रंग नव्हे. ते बारीक, दाट बसलेले पांढरे केस आहेत. म्हणून जुन्या किड्यांचे ठिपके झिजलेले, अर्धे पुसलेले मिळतात. कोणी चार ठिपक्यांचा म्हणून आणला तर आधी भिंगाखाली पाहायचं, बाकीचे घासून गेलेत का ते.

खातो काय? जे पकडता येईल ते. रातकिडे, नाकतोडे, झुरळं, अळ्या, वाळवी. मी एकदा मातीच्या माठात चार बोटं ओली माती आणि एक खापराचा तुकडा ठेवून एक अँथिया पंधराएक दिवस पाळला होता. सांजच्याला रातकिडा सोडला की तो खापराखालून बाहेर यायचा, मिशा पुढे करून थांबायचा, आणि मग एकदम झडप. जबडे विळ्यासारखे, एकमेकांवर आडवे जाणारे. पण तो चावून गिळत नाही. आधी रातकिड्याच्या मानेच्या सांध्यात जबडा रुतवतो, मग तोंडातून तपकिरी रस ओततो. त्या रसात पाचक द्रव्यं असतात, भक्ष्याचं मांस बाहेरच विरघळतं, आणि हा ते रश्शासारखं ओढून घेतो. अर्ध्या तासानं माठात पंखांचे तुकडे आणि दोन तंगड्या, बाकी सगळं साफ. एकदा आळशीपणानं मी दोन अँथिया एकाच माठात ठेवले. सकाळी एक होता.

विषारी का, याचं उत्तर आता देता येतं. चावला तर चिमटा बसेल, रक्ताचा थेंबही येईल, पण जबड्यात विष नाही. हत्यार आहे ते शेपटाकडे. पोटाच्या टोकाशी दोन ग्रंथी, त्यांचा रस साठवायला पिशव्या, आणि पिशव्यांभोवती स्नायूंचं आवरण. स्नायू आवळले की आम्लाची चिळकांडी उडते, हातभर तरी जाते, आणि नेम वाईट नसतो. पिशवीला आतून कातडीसारखंच अस्तर असतं म्हणून त्याचं स्वतःचं पोट जळत नाही. समोरून डिवचलं तरी तो मागचा भाग वाकवून तुमच्याकडे रोखतो, तेव्हा ‘मी तोंडाच्या बाजूला होतो’ ही सबब चालत नाही. भुईभुंगेऱ्यांच्या आम्लाचा प्रसाद खुद्द डार्विनलाही मिळालाय. केंब्रिजला शिकताना दोन्ही हातांत एकेक दुर्मिळ भुंगेरा, तेवढ्यात तिसरा दिसला, म्हणून त्यानं उजव्या हातातला तोंडात टाकला. जीभ अशी भाजली की तो थुंकावा लागला. तोही गेला आणि तिसराही.

काळ्यावर पांढरं हे रंगकाम त्या हत्याराची पाटी आहे. अंधुक चांदण्यातही ते उठून दिसतं. एकदा तोंड पोळलेला कोल्हा किंवा मुंगूस पुढच्या वेळी पाटी वाचतो. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात अँथियाचेच भाऊबंद आहेत आणि तिथं एका सरड्याची पिल्लं काळी-पांढरी असतात, पाठ कमानीसारखी करून ताठ पायांनी भुंगेऱ्यासारखी चालतात. मोठी झाली की रंग बदलतो, चालही बदलते. ह्युई आणि पियांका यांनी १९७७ साली हे मांडलं. भुंगेऱ्याची नक्कल करून सरडा जगतो, म्हणजे त्या आम्लाचा दरारा किती असेल बघा.

पहिल्या पावसानंतरच तुम्हाला तो का दिसला? जमीन ओली झाली की वाळवी, रातकिडे, अळ्या सगळं वर येतं आणि हाही शिकारीला निघतो. मादी मातीत अंडी घालते. अळी, मग मातीतच कोष, मग पुन्हा भुंगेरा. या कुळातली अळी लांबट, चपटी, सहा पायांनी धावणारी, पुढे जबडे आणि मागे दोन शेपट्यांसारखी टोकं अशी असते. हुमणीची अळी पांढरी, गुबगुबीत, कोयरीसारखी वाकलेली. वखरताना अळी निघाली आणि ती पळत सुटली, तर ती तुमच्या पिकाची शत्रू नाही. वाकून पडून राहिली तर विचार करा.

तेव्हा शेजाऱ्यांचं म्हणणं इथंच निकालात निघतं. हा पऱ्हाटीची मुळं खात नाही, पानं खात नाही, बोंडं खात नाही. त्याचे जबडे त्यासाठी नाहीतच. मुळं कुरतडलेली दिसली तर तिथं खणा, हुमणी सापडेल. आणि दाणेदार औषध म्हणताना त्यांच्या मनात फोरेट असेल, जे आपल्याकडे अजून जुन्या सवयीनं मागितलं जातं, तर त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. कोणी मागच्या दारानं देत असेल तरी घेऊ नका. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उजाड झाली, ते तुम्हाला मी सांगावं असं नाही. एका किड्यासाठी, तेही पिकाला हात न लावणाऱ्या, धुऱ्यावर विष टाकायचं कारण नाही.

पण मी याला ‘शेतकऱ्याचा मित्र’ असंही म्हणणार नाही. तो शब्द फार स्वस्त झालाय. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसते, हा जमिनीवर फिरतो, दोघांची गाठ फारशी पडत नाही. मातीत कोषासाठी उतरलेली अळी सापडली तर खाईल, तसाच कोळी, गांडूळ, दुसरा शिकारी भुंगेरा सापडला तर तोही खाईल. त्याला तुमच्या वावराचं काही पडलेलं नाही. उजेडावर उडून घरात येण्याचा तर प्रश्नच नाही. आला तर दाराच्या फटीतून चालत येईल, झुरळामागे.

आता धुरा. वर म्हटलं होतं की हा जिथं आहे तिथं चालत पोचलाय. हुमणी तुम्ही एका वावरातून संपवली तरी पुढच्या पावसात शेजारच्या निंबावरून उडून येते. अँथियाचं तसं नाही. जंगलापासून तुमच्या कोठ्यापर्यंत तो आला, म्हणजे मध्ये झुडपं, पाचोळा, दगड असलेली सलग वाट आहे. ती वाट म्हणजे तुमचा धुरा. मी गेली पंचवीसेक वर्षं जमिनीत प्याले पुरून किडे मोजतो. प्याल्याचा काठ जमिनीबरोबर, वर तीन खड्यांवर एक कवेलू, आणि रोज सकाळी पाहणी. एकाच गावात, एकाच जंगलाच्या काठाला, झुडपाच्या धुऱ्यावर हा मिळतो आणि दोन वावरं सोडून जेसीबीनं साफ केलेल्या, पेटवलेल्या धुऱ्यावर मिळत नाही, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता प्याला पुरण्याआधीच अंदाज येतो. दरवर्षी मे महिन्यात धुरे पेटवायची आपली जी रीत आहे ना, तिनं तण कमी होतं असं मला तरी दिसलं नाही. दगडाखालचं मात्र सगळं भाजून निघतं. तण काढायचंच तर कापा, आणि काडीकचरा धुऱ्याच्या एका बाजूला पडू द्या.

दुसरी गोष्ट शेततळ्याची. प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं म्हणजे या किड्यासाठी न संपणारा प्याला. पडला की गुळगुळीत कागदावर पाय धरत नाहीत, उडता येत नाही, रात्रभर कडेकडेनं फिरून सकाळी तरंगताना दिसतो. सापसुरळ्या आणि बेडकांचंही हेच होतं. चारही कोपऱ्यांत जुना पोत्याचा कापड किंवा गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडा आणि वरच्या टोकाला दगड ठेवा. खर्च शून्य.

रस्त्यांचं तुमच्या हातात नाही, तरी सांगतो. जर्मनीतल्या माडर यांनी १९८४ साली जंगलातल्या भुईभुंगेऱ्यांना खुणा करून सोडलं, तर रस्ता ओलांडून पलीकडे गेलेले अगदी थोडे निघाले. नुसता डांबराचा पट्टा त्यांना भिंतीसारखा होता. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वन्यप्राण्यांसाठी रस्ता उचलून खालून वाट ठेवलीय. ती वाघासाठी असली तरी खाली माती आहे तोवर सहा पायांच्या गिऱ्हाइकालाही मनाई नाही.

राहिला तुमच्या डब्यातला. त्याला चार दिवस ठेवून पाहायचं असेल तर ओली माती, एक खापर आणि रोज एक रातकिडा, झाकणाला भोकं. नाहीतर आज सांजच्याला उजेड असतानाच घेऊन जा. जिथं सापडला तिथंच, दुसऱ्या गावी किंवा ‘जंगलात बरं राहील’ म्हणून पाच किलोमीटर आत नाही. डबा जमिनीवर आडवा ठेवा, तोंड धुऱ्याच्या झुडपाकडे. झाकण काढताना पोराला डब्याच्या मागे उभं करा, वाकून पाहू देऊ नका, चष्मा असेल तर लावा. तो लगेच निघणार नाही. आधी मिशा बाहेर येतील.